सोळा लाइनींचा हिशोब : सांगलीतल्या डायल-अप प्रकल्पाच्या नोंदी

२१ जून १९९९

आजपासून ही वही. क्लासच्या वरची खोली रिकामी आहे. पार्टनरला लिनक्स येतं, मला गावातली उधारी वसूल करता येते. एवढ्या भांडवलावर सांगली-मिरजेसाठी डायल-अप इंटरनेट सेवा काढता येईल का ते कागदावर तपासायचं. परवडत नसेल तर कागदावरच बुडालेलं बरं.

गेल्या नोव्हेंबरात धोरण खुलं झालं, तोवर इंटरनेट म्हणजे विदेश संचार निगम एवढंच होतं. आता परवान्याचे तीन वर्ग आहेत. अ वर्ग देशभर, ब वर्ग राज्याएवढ्या सर्कलपुरता, क वर्ग एका एसएसएपुरता (टेलिफोन खात्याचा साधारण जिल्ह्याएवढा विभाग). बँक गॅरंटी अनुक्रमे २ कोटी, २० लाख आणि ३ लाख. परवाना शुल्क पहिली पाच वर्षं माफ, नंतर वर्षाला १ रुपया. रुपयाचं ऐकून सगळे खूश होतात, ३ लाखांचं ऐकून खुर्ची मागे सरकवतात.

सांगली आणि मिरज दोन्ही ०२३३ मध्ये, कुपवाडची एमआयडीसीही त्यातच. म्हणजे एकाच खोलीत मोडेम (संगणक फोनलाइनीला जोडणाऱ्या पेट्या) ठेवले तरी तिन्हीकडून लोकल कॉल. तासगाव, विटा, इस्लामपूर बाहेर राहतात, तिथून फोन लावला की पल्स (फोनच्या बिलाचं एकक) लवकर पडते. त्यांचं नंतर बघू.

२ जुलै

आधी गिऱ्हाइकाच्या बाजूने हिशोब. १ मे पासून लोकल कॉलची पल्स ५ मिनिटांवरून ३ मिनिटांवर आली. म्हणजे तासाला २० पल्स. रु. १.२० ने धरले तर तासाला २४ रुपये नुसते फोनचे. आम्ही तासाला १५ लावायचं म्हणतोय. माणसाच्या खिशातून ३९ जाणार आणि त्यातला मोठा वाटा आमच्याकडे येणारच नाही. दर १५ चा १२ केला तरी त्याला ३९ च्या जागी ३६ दिसणार, फारसा फरक पडत नाही. दर कमी करून गिऱ्हाईक ओढण्याची कल्पना इथेच खोडली.

अजूनही काही जण रात्री उशिरा पाव दरात पुण्याला एसटीडी लावून मेल उतरवतात. ही मंडळी पहिल्या दिवशी येतील. पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

१८ जुलै

किती लाइनी घ्यायच्या? सगळे म्हणतात दहा गिऱ्हाइकांमागे एक मोडेम. हे दहा कुठून आले ते कोणी सांगत नाही. पार्टनरने इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीतून टेलिफोन ट्रॅफिकची तक्ती झेरॉक्स करून आणली. एर्लांग हा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता, १९१७ मध्ये त्याने सूत्र मांडलं. एक लाइन तासभर पूर्ण गुंतली तर एक एर्लांग. गर्दीच्या तासात शंभरातल्या दोघांनाच एंगेज लागावा असं ठरवलं, तर तक्ता असा:

८ लाइनी : ३.६३ एर्लांग
१६ लाइनी : ९.८३
३० लाइनी : २१.९

लाइनी दुप्पट केल्या की क्षमता पावणेतीनपटीच्या जवळ जाते. छोट्या गटात प्रत्येक लाइनीला जास्त वेळ मोकळं बसावं लागतं म्हणून. आठ सांगलीत आणि आठ मिरजेत ठेवायचा विचार होता, मिरजेच्या डॉक्टर मंडळींना बरं वाटेल म्हणून. तो रद्द. सोळाच्या सोळा एका ठिकाणी, एका पायलट नंबरवर हंटिंग लावून, म्हणजे सगळ्यांनी एकच नंबर लावायचा आणि जी लाइन मोकळी असेल ती लागणार.

आता उलटा हिशोब. दिवसभरातल्या वापराचा साधारण आठवा हिस्सा रात्री ९ ते १० या एका तासात पडेल असं धरू. मग १६ लाइनींवर दिवसाला ९.८३ गुणिले ८, म्हणजे ७८ तास विकले जातील. महिन्याला २,३६०. पंधराने गुणले की रु. ३५,४००. हा आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे. याच्या वर जायचं तर एंगेज वाढणार आणि लोक शिव्या देणार.

५ ऑगस्ट

सामानाची चौकशी. पुण्याला एक, मुंबईला दोन जणांकडून भाव घेतले.

महत्त्वाची गोष्ट ५६ के ची, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट वेगाची. बाजारात सगळे मोडेम आता ५६ के म्हणून विकले जातात, व्ही.९० मानक गेल्या वर्षीच मंजूर झालं. पण ५६ के मिळायला आमच्या टोकाला डिजिटल लाइन लागते. एक्स्चेंजपासून आमच्यापर्यंत तांब्याची जोडी असेल तर आवाजाचं अॅनालॉग-डिजिटल रूपांतर दोनदा होतं आणि वेग ३३.६ च्या वर जात नाही, मोडेमवर काही का लिहिलेलं असेना. खरं ५६ के द्यायचं तर ३० चॅनलची पीआरआय लाइन आणि तिला लागणारं रिमोट अॅक्सेस सर्व्हर, ज्यात मोडेम कार्डावरच असतात. लिव्हिंग्स्टनचं (आता ल्युसेंटचं) पोर्टमास्टर ३ किंवा सिस्कोचं एएस५३००. भाव पोर्टमागे ३०० डॉलरच्या आसपास सांगतात. डॉलर ४३ ने धरला तर ३० पोर्टांचे ३,८७,००० आणि वर ड्युटी.

दुसरा रस्ता: साधे बाहेरचे मोडेम, १६ पोर्टांचं सीरियल कार्ड, लिनक्स मशीन. मोडेम ५,५०० ने ८८,००० आणि कार्ड २८,०००. पोर्टमागे ७,२५०. दिसायला गबाळं, पण एक मोडेम गेला तर बाकीचे पंधरा चालतात, आणि गेलेला बदलायला मुंबईहून इंजिनिअर बोलवावा लागत नाही. हेच घ्यायचं. गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं की आमच्याकडे ३३.६ पर्यंत. सांगितलं नाही तर तो स्वतःच्या मोडेमच्या दुकानदाराशी भांडेल, आणि तो दुकानदार आमचा नातेवाईक आहे.

२२ ऑगस्ट

पूर्ण यादी:

मोडेम १६ : ८८,०००
सीरियल कार्ड : २८,०००
मशीन २ (एक लॉगिन आणि मेल, एक कॅश आणि बिलिंग) : १,१५,०००
राउटर : ८५,०००
लीज लाइनसाठी (आमच्यापासून वर इंटरनेटपर्यंतची कायमची भाड्याची लाइन) बेसबँड मोडेमची जोडी : ३६,०००
ऑनलाइन यूपीएस, बॅटऱ्यांसह : ७८,०००
वायरिंग, क्रोनच्या पट्ट्या (फोनच्या तारा जोडायच्या), अर्थिंग : १४,०००

बेरीज ४,४४,०००. शिवाय बँक गॅरंटी. बँक म्हणते नवी कंपनी, तारण म्हणून पूर्ण ३ लाखांची एफडी ठेवा. पैसे जात नाहीत, पण वापरताही येत नाहीत.

सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. रेड हॅटची सीडी एका मासिकाबरोबर आली होती. लॉगिनसाठी रेडियस, त्यातली सिस्ट्रॉनची आवृत्ती फुकट मिळते आणि एकाच नावाने दोघे घुसले तर दुसऱ्याला हाकलते. मेलसाठी सेंडमेल, साइटच्या नावांचे पत्ते शोधायला बाइंड, उघडलेली पानं साठवून ठेवायला (कॅश) स्क्विड, सगळं फुकट. विंडोज एनटीचं कोटेशन मागवलं होतं, ते वाचून परत पाकिटात घातलं.

आणि आता खरी गोष्ट. ६४ केबीपीएसची लीज लाइन आणि तिच्या वरच्या टोकाचा पोर्ट मिळून वर्षाला ७ लाख धरायचे, तेही आगाऊ. खोलीतलं सगळं सामान, पंख्यासकट, एका वर्षाच्या लाइनीपेक्षा स्वस्त! आजवर मोडेमच्या भावावर इतकी घासाघीस केली, त्यात फार तर दहा हजार वाचले असतील.

६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. तिघांनी एकाच वेळी गाणी उतरवायला घेतली की बाकीच्या तेरा जणांनी पानं उघडायची वाट बघायची. लाइन महिनाभर रात्रंदिवस ठासून भरून वाहिली तर २० जीबी होतात, पण रात्री २ ते सकाळी ८ त्या लाइनीवर कुत्रं फिरणार नाही आणि त्या वेळेचेही पैसे तेवढेच.

१२ सप्टेंबर

उद्या गणपती. आज बसून महिन्याचा ताळा केला.

लीज लाइन आणि पोर्ट ५८,३००. सोळा लाइनींचं भाडं ४,००० च्या आत, आपण कॉल करणारच नाही, फक्त घेणार. वीज साडेतीन. माणूस चार हजार. किरकोळ हजार-बाराशे. एकूण ७१,००० च्या आसपास. घसारा आणि घातलेल्या पैशाचं व्याज यात धरलेलंच नाही.

येणे ३५,४००. म्हणजे निम्मं.

३० लाइनी केल्या तर? २१.९ गुणिले ८ गुणिले ३० गुणिले १५. रु. ७८,८००. खर्च वाढून ७५,००० पर्यंत. कागदावर जमतं. पण मग त्याच ६४ वर तीस जण बसणार, प्रत्येकाच्या वाट्याला २ केबीपीएस. महिन्याभरात पळतील. १२८ घेतली तर लीजचा खर्च वाढला आणि पुन्हा खड्डा. पस्तीस हजारांचा खड्डा बुजवायला गेलं की शेजारी नवा पडतो.

पार्टनर म्हणाला, जाहिराती घेऊ. मी म्हटलं, आधी मोदक खाऊ.

२९ सप्टेंबर

मार्केट यार्डात अण्णांकडे गेलो होतो. हळदीचा व्यापार, बाहेरच्या देशांतही माल जातो. अण्णांना इंटरनेट नको आहे. त्यांनी स्पष्ट सांगितलं: "मला ते बघायचं काय नाही रे. माझा फॅक्सचा खर्च बघ आधी." आखाती देशात एक पान फॅक्स करायला आयएसडीचे किती जातात ते त्यांच्या मुनीमजींनी बिलं काढून दाखवलं. कधी पान अर्धंच जातं आणि पुन्हा लावावं लागतं.

अण्णांना हवी आहे चिठ्ठी. दिवसातून तीन वेळा जाणारी-येणारी, दुकानाच्या नावाच्या पत्त्यावर.

घरी येताना हिशोब डोक्यातच मांडला. यूयूसीपीने मेलचं गाठोडं बांधून पाठवायचं. त्यांचं मशीन ठरलेल्या वेळी फोन लावेल, जाणारं देईल, येणारं घेईल, फोन ठेवेल. चार मिनिटं. दिवसातून तीनदा म्हणजे १२ मिनिटं. अशी ३५ ऑफिसं धरली तर दिवसाला ७ तास, सगळे १० ते ६ मध्ये. गर्दीच्या भाषेत एक एर्लांगही नाही. ती वेळ अशी की रात्रीचे चॅटवाले तेव्हा कॉलेजात नाहीतर झोपलेले असतात. लीज लाइन तशीही दिवसा रिकामीच पडणार.

वर्षाला १२,००० घेतले, डोमेनची नोंदणी वेगळी, तर ३५ ऑफिसांचे ४,२०,०००. महिन्याला ३५,०००. अधिक ३५,४००. म्हणजे ७०,४००. खर्चाच्या जवळजवळ बरोबर.

हे आधी का सुचत नाही लोकांना? कारण सगळे तास विकतात. अण्णांना तासाचा भाव सांगितलाच नाही, फॅक्सच्या बिलाशी तुलना दाखवली. दोन मिनिटांत "कधी चालू करतोस?" म्हणाले.

तासगावच्या द्राक्षवाल्यांनाही हे बसतं. त्यांचा कॉल महाग, पण चार मिनिटांचाच आहे.

१५ ऑक्टोबर

कुपवाडात फाउंड्री आणि मशीन शॉप मिळून फिरलो. निम्मे "बघू", बाकीच्यांपैकी काही जण नोंद द्यायला तयार. एका कारखान्यात ड्रॉइंग फ्लॉपीवर घालून कुरियरने पाठवतात. ड्रॉइंगच्या फाइली मेगाबाइटच्या असतात, त्या चार मिनिटांत जाणार नाहीत. ३३.६ वर सेकंदाला ३ किलोबाइटच्या थोडं वर धरलं तर एका मेगाबाइटला पाच मिनिटं. त्यांच्यासाठी रात्रीची खेप ठेवायची, अकरानंतर.

५ नोव्हेंबर

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. भागीदारी फर्मला परवाना मिळत नाही, म्हणून हा खटाटोप. अर्ज दिल्लीला संचार भवनात रवाना. सोबतचे कागद साडेचार इंच जाड. अटींमध्ये दोन लक्षात ठेवण्यासारख्या: इंटरनेटवरून फोन चालवायचा नाही आणि ४० बिटांपेक्षा मोठ्या किल्लीचं एन्क्रिप्शन परवानगीशिवाय नाही.

परवा लक्ष्मीपूजन. वही पूजेत ठेवणार.

२ जानेवारी २०००

वायटूके (सन २००० लागताना संगणकांच्या तारखांचा होणारा घोळ) येऊन गेला. क्लासमधली दोन जुनी मशीन १९८० मध्ये गेली, तारीख हाताने घातली, झालं. प्रकल्पाची मशीन ठीक.

परवाना आला.

११ फेब्रुवारी

लाइनी आल्या. पहिला हप्ता दहा, बाकीच्या पुढच्या महिन्यात. खोलीत भिंतीवर क्रोनची पट्टी ठोकली, प्रत्येक जोडीवर गॅस ट्यूब (विजेचा झटका जमिनीत सोडणारी) लावली. लाइनमनमामांनी जोड्या मोजून दिल्या, टेस्ट फोन लावून एकेक नंबर ऐकवला. त्यांचं म्हणणं, एवढ्या लाइनी एका खोलीत त्यांनी फक्त मटक्याच्या अड्ड्यावर बघितल्या होत्या. चहा दिला.

मोडेमची खरी अडचण वेगळीच निघाली. प्रत्येकाबरोबर भिंतीत खुपसायचा एक ठोकळा येतो, ९ व्होल्ट एसीचा. सोळा ठोकळे म्हणजे तीन-चार एक्स्टेंशन बोर्ड, एक ठोकळा शेजारच्या दोन सॉकेटांवर बसतो, आणि सगळे मिळून खोली तापवतात. मिरजेत स्टॅबिलायझर बांधणाऱ्या कारागिराकडून दोन ट्रान्सफॉर्मर बांधून घेतले, ९ व्होल्ट, प्रत्येकी आठ मोडेमांसाठी. आठ आउटपुट, प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज. एकच मोठा केला असता तर स्वस्त पडला असता, पण तो जळला की दुकान बंद. दोघांचे मिळून १,३०० रुपये. व्हार्निशचा वास दोन दिवस जात नव्हता.

९ मार्च

लीज लाइन जिवंत झाली. बेसबँड मोडेमवरचा सिंकचा दिवा स्थिर झाला, व्ही.३५ ची जाडजूड केबल राउटरला लावली, आणि सिस्कोच्या स्क्रीनवर लाइन प्रोटोकॉल अप. वरून ३२ आयपी पत्ते मिळाले. सोळा मोडेमांना सोळा, बाकीच्यांत मशीन आणि राउटर. पत्ता लाइनीला बांधलेला, माणसाला नाही.

१७ मार्च

सगळ्या सोळा लाइनींवर चाचणी. हंटिंगची मोठी गंमत आहे, इथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण रात्री अकराला हेच लागणार.

पायलट नंबरवर कॉल आला की एक्स्चेंज क्रमाने बघतं: पहिली लाइन मोकळी आहे का, नसेल तर दुसरी, मग तिसरी. मोकळी म्हणजे फक्त रिसीव्हर खाली आहे एवढंच त्याला कळतं. मोडेम अडकलेला असेल, बंद असेल, जळलेला असेल, तरी एक्स्चेंजच्या दृष्टीने ती लाइन मोकळीच. समजा तिसऱ्या लाइनीचा मोडेम अडकला. पहिल्या दोन गुंतल्या की पुढचा प्रत्येक कॉल तिसऱ्यावर जातो, नुसती रिंग वाजते, कोणी उचलत नाही. मागच्या तेरा लाइनी मोकळ्या पडलेल्या, आणि गिऱ्हाईक म्हणतो तुमचं बंद आहे. एका मोडेमने अख्खं दुकान बंद पाडलं.

आपण एमगेटी (लिनक्सवरचा, आलेले कॉल घेणारा प्रोग्रॅम) वापरतो. त्यात मोडेमला स्वतःहून फोन उचलू देत नाही, रिंग आली की मशीन सांगतं तेव्हा उचलतो. म्हणजे मशीन लटकलं तरी हाच परिणाम, सोळाही लाइनींवर.

उपाय:

पार्टनरची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी मोकळ्या मोडेमना "एटी" विचारते. "ओके" आलं नाही तर क्लासमधल्या संगणकावर भोंगा.

भिंतीवर खिळ्याला डमी प्लग लटकवलेत. फोनच्याच प्लगमध्ये ६०० ओहमचा रेझिस्टर. बिघडलेला मोडेम काढायचा, त्या लाइनीत डमी घालायचा. एक्स्चेंजला वाटतं फोन उचललेला आहे, ते पुढच्या लाइनीवर जातं. ऑपरेटर पोराला हे पहिल्या दिवशी शिकवायचं, लिनक्स नंतर.

आणि मोडेमचा क्रम. पहिली लाइन दिवसभर राबते, सोळावी फक्त रात्री नऊला जागी होते. चांगले मोडेम आधी, संशयास्पद शेवटी.

५ एप्रिल

गुढीपाडवा. सकाळी नऊला सेवा सुरू. अण्णांच्या दुकानाची पहिली खेप १०.०४ ला आली, दोन चिठ्ठ्या, दोन्ही आम्हालाच: "पोचली का?"

५ मे

आज लव्ह लेटरने खाल्लं. काल जगभर सुटलेला व्हायरस, विषय "आय लव्ह यू", सोबत एक फाइल. उघडली की आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवते. फाइल अगदी लहान, दहा-बारा किलोबाइटची. पण शंभर पत्ते असले की एका क्लिकला मेगाबाइटभर, आणि आमचा पाइप ६४ चा. सकाळी दहाला मेलची रांग फुगायला लागली. सेंडमेल थांबवलं, विषयावर गाळणी लावली, रांगेतल्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या, परत चालू केलं. दुपारपर्यंत सुरळीत.

यूयूसीपीचा फायदा आज दिसला. ऑफिसांचं गाठोडं आमच्याकडेच पडलेलं असतं, ते फोन लावून घ्यायला येईपर्यंत आम्ही निवडून घेऊ शकतो. थेट चॅटवाल्यांचं तसं नाही. सगळ्या ऑफिसांना फोन केले. कुपवाडच्या एका मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "पण पाठवलंय कोणी?" हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाकडून आलं होतं. ते थोडे नाराज झाले, मला वाटतं व्हायरसपेक्षा पाठवणाऱ्याच्या नावावर.

२४ मे

वळीव. दुपारी चारला आभाळ भरलं, वीज जवळच कुठे तरी पडली, लाइट गेली. तीन मोडेम गेले, ४, ५ आणि ११. त्या जोड्यांच्या गॅस ट्यूब काळ्या पडल्या, पण मोडेम वाचले नाहीत. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा पुन्हा भरला, दिवसाआड बादलीभर पाणी ओतायचं ठरलं. डमी प्लग घातले, रात्री तेरा लाइनींवर धंदा केला. सुट्ट्यांचे दिवस, चॅट जोरात, एंगेजच्या तक्रारी भरपूर. पावसाळ्यासाठी तीन मोडेम जादा घ्यायचे: १६,५००. हा खर्च मूळ यादीत नव्हता, पुढे कोणी यादी करेल त्याने घालावा.

८ जुलै

पहिली तिमाही. रेडियसच्या लॉगमधून आकडे काढले.

गर्दीचा तास ९ ते १० नाही, १० ते ११ आहे. मालिका संपल्या की लोक बसतात. त्या तासाचा वाटा आठव्या हिश्श्यापेक्षा थोडा जास्तच. म्हणजे दिवसभराचे विकलेले तास अंदाजापेक्षा कमी.

मेलची ऑफिसं २६. पैसे वेळेवर. दिवसा एंगेजची एकही तक्रार नाही.

स्क्विडने बरी मदत केली. तिसरा हिस्सा मागण्या इथल्या डिस्कवरूनच भागतात, हॉटमेल-याहू-रेडिफची चित्रं सगळ्यांना तीच लागतात. बाइट्सचा वाटा त्याहून कमी, कारण मोठ्या फाइली प्रत्येकाच्या वेगळ्या. तरीही रात्री पान उघडताना फरक जाणवतो. कॅशच्या मशीनला ६४ एमबी रॅम वाढवली, ६४ केबीपीएस वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

घरी जाऊन मोडेम बसवून देण्याचे १५० घेतो. त्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. विंडोज ९८ असलं तर वीस मिनिटं. एकाकडे अजून विंडोज ३.१ आणि ट्रम्पेट विन्सॉक, तिथे दुपार गेली आणि जेवणही झालं, काकू ऐकेनात.

३ ऑक्टोबर

१ तारखेपासून बीएसएनएल. पुढच्या बिलावर नाव वेगळं असेल. नंबर तेच, लाइनी त्याच, लाइनमनमामा तेच.

२१ नोव्हेंबर

कलकत्त्याच्या कॅलटायगरने फुकट इंटरनेट काढल्यापासून तासाच्या भावाला काही अर्थ उरलेला नाही. सांगलीत अजून फुकट काही नाही, पण पेपरात वाचून लोक भाव पाडून मागतात. मोठ्या कंपन्यांचे तासांचे पॅक दुकानात साबणाशेजारी लटकायला लागलेत. आम्ही १५ वरून ९ वर आलो. जुनं गणित नव्या भावाने: २,३६० गुणिले ९ म्हणजे २१,२००, तेही लाइनी भरल्या तर.

मेलची ऑफिसं ४१ झाली. महिन्याला ४१,०००. त्यातल्या एकानेही फुकटचा विषय काढलेला नाही. फुकटच्या पत्त्यावर दुकानाचं नाव येत नाही, आणि जर्मनीच्या गिऱ्हाइकाला हॉटमेलवरून कोटेशन पाठवायला त्यांना लाज वाटते.

बेरीज ६२,०००, खर्च ७३,०००. खड्डा अकराचा. पस्तीस हजारांपासून इथवर आलोय.

पार्टनर म्हणतो पीआरआय घेऊ, खरं ५६ के देऊ, तरच संध्याकाळचं गिऱ्हाईक टिकेल. तो म्हणतो ते खरं आहे, पण चार लाख घालून ज्या तासाचा भाव रोज पडतोय तोच तास जास्त विकायचा, हे मला पटत नाही. तेवढ्या पैशात तासगाव आणि इस्लामपूरला चार-चार लाइनींची मेलची ठाणी निघतील. तिथून इथे दिवसातून चार खेपा एसटीडीने आणायच्या. आठ मोडेम, दोन जुनी पेंटियम, भाड्याची खोलीही नको, एखाद्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानात कोपरा पुरेल. एर्लांगच्या हिशोबाने छोटा गट वाईट, पण चार मिनिटांच्या कॉलला एंगेज लागला तर मशीन पाच मिनिटांनी पुन्हा लावतं, शिव्या देत नाही. त्यात मेलची ऑफिसं आणखी वाढली तरी ६४ ची लाइन दिवसा पुरते.

ठरलं असं: १२८ चा अर्ज करायचा नाही. पीआरआयचं कोटेशन फाइलला. मार्चमध्ये लीजचा दुसऱ्या वर्षाचा आगाऊ भरणा आहे, त्यासाठी ऑफिसांकडून वर्षाचं नूतनीकरण फेब्रुवारीतच मागायचं, आधी देणाऱ्याला ५०० सूट. तासगावच्या द्राक्षवाल्यांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो, म्हणून तिथलं ठाणं जानेवारीअखेर उभं पाहिजे. झेरॉक्सवाल्याशी रविवारी बोलायचं.

११ नंबरचा मोडेम पुन्हा अडकतोय. सोळाव्यावर टाकला.